गाण्याच्या वेळेला शहापूर-मुरबाड

दरवर्षी मे महिन्यात युरोपातलं एखादं शहर गाण्यासाठी परक्या पाहुण्यांना बोलावतं. युरोव्हिजन नावाची ही स्पर्धा 1956 साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो इथे सात देशांनी सुरू केली. जिंकलेल्या देशाकडे सहसा पुढच्या वर्षीचं यजमानपद जातं, त्यामुळे शहर बदलत राहतं आणि दर वेळी पाहुण्यांसाठी नवी माहितीपुस्तिका निघते. सभागृह कुठे, ट्राम कोणती, रात्री उशिरा परतायची सोय काय, तिकीट नसलेल्यांनी मोठ्या पडद्यावर गाणी कुठल्या चौकात बघायची, सगळं त्यात असतं. गाणं ऐकायला प्रवास करणारा माणूस असतो आणि त्याची सोय बघणं हे यजमानाचं काम आहे, एवढं त्या पुस्तिका गृहीत धरतात. आपल्याकडे शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांची माहिती शोधायला गेलं तर माहुलीची चढण मिळते, माळशेजचे धबधबे मिळतात, नाणेघाटातले सातवाहनकालीन शिलालेख मिळतात, शेतघरांचे दर मिळतात. इथली माणसं गातात कधी, कुठे आणि ते ऐकायचं असेल तर काय करावं, हे मात्र कुठेच नसतं. ही उणीव भरून काढण्यासारखी आहे असं माझं ठाम मत आहे. पण पुस्तिका लिहायची तर ती युरोपातल्यासारखी सभागृहापासून सुरू करून चालणार नाही. इथलं गाणं वेळेला बांधलेलं आहे. त्याच्या वेळेला आपण जायचं असतं, त्याला आपल्या वेळेला मंचावर आणून बसवायचं नसतं. पुढचं सगळं विवेचन या एका मुद्द्याचं आहे.

आधी वाट सांगतो. शहापूरला जायचं तर कसाऱ्याची लोकल धरून आसनगावला उतरायचं, तिथून रिक्षाने शहापूर गाव जवळ आहे. वासिंद, आटगाव, खर्डी ही याच मार्गावरची स्थानकं. रस्त्याने आलं तर मुंबई-नाशिक महामार्ग आहेच, आणि 2025च्या जूनमध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून जातो. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून एसटी धरायची, तोच रस्ता पुढे सरळगाव, टोकावडे, वैशाखरे करत माळशेज घाट चढतो. शहापूरहून मुरबाडकडे यायला कल्याणला वळसा घालायची गरज नाही, किन्हवलीमार्गे सरळगावला निघणारा रस्ता आहे. गाण्यासाठी फिरणाऱ्याला हाच आतला रस्ता जास्त उपयोगाचा, कारण महामार्गाकाठी आता गोदामं आणि ढाबे आहेत, गावं आत आहेत. या गावांतून कुणबी, आगरी, ठाकर, महादेव कोळी, कातकरी, वारली अशी वस्ती आहे. प्रत्येकाचं गाणं वेगळं, बोलीही कमीअधिक वेगळी. भात हे सगळ्यांचं मुख्य पीक आहे, आणि गाण्याचं वेळापत्रक भाताने ठरवलेलं आहे.

आषाढात आवणी सुरू होते. चिखलात वाकून रोप लावणाऱ्या बायांच्या रांगेत एकीने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, हे गाणं हाताच्या गतीने चालतं. ते ऐकायला बांधावर उभं राहावं लागतं आणि पाऊस अंगावर घ्यावा लागतो. भाद्रपदात गौरीगणपती आले की बायांचे फेर आणि आदिवासी पाड्यांवरचे गौरीचे नाच. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या देवळांत पहाटे काकडा, आणि तो उजाडायच्या आत संपतो, म्हणजे मुक्काम गावातच हवा. भात कापणीला आलं की शहापूरच्या उत्तरेला, वाडा-मोखाड्याकडे सरकावं, कारण तो भाग तारप्याचा. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचं पान आणि मेण एवढ्यातून उभं राहिलेलं हे वाद्य फुंकणारा मध्ये असतो आणि नाचणारे हातात हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. त्याने चाल बदलली की पावलं बदलतात. कुणी मोजून देत नाही, कुणी खूण करत नाही, सगळी साखळी कानाने वळते. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा शहरी वाचकाला हे वाद्य पुन्हा एकदा नावाने कळलं. पण नाव कळणं वेगळं आणि नव्या भाताच्या आनंदात ते वाजताना ऐकणं वेगळं.

स्पर्धेच्या अंगाने बघायचं तर या पट्ट्यातला सगळ्यात बोलका प्रकार आहे चक्री भजन. ठाणे-रायगडच्या गावांत एखाद्या पूजेला, जत्रेला, उत्सवाला रात्री मांडव पडतो. एकाच मंचावर ठिकठिकाणचे बुवा बसतात आणि पाळीपाळीने गातात. एकाचा अभंग झाला की दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा, असं चक्र फिरत राहतं. रूपाचा अभंग आधी, गौळण पुढे, भैरवी शेवटी, हा क्रम सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून कुणीही मध्येच भलतं काही काढत नाही. नवख्या माणसाने इथे पखवाजाकडे लक्ष द्यावं. डाव्या तोंडावर भिजवलेल्या कणकेचा थर चढवलेला असतो, त्याने धुमा घुमतो. उजवं तोंड बुवाच्या स्वराशी तंतोतंत लागायला हवं, म्हणून वादक हातोडीने गठ्ठे ठोकून ते चढवत-उतरवत असतो. कुणाची पट्टी काळी चार, कुणाची काळी पाच. गाणारा बदलला की स्वर बदलतो, आणि पाळी येण्याआधीच आपला पखवाज लावून ठेवलेला असणं ही वादकाची हुशारी. अभंगाचा पहिला चरण बुवा शांतपणे मांडतात, टाळकरी तो झेलतात, मग लय वाढत जाते. आणि याच वेळी इतर बुवा तिथेच बसून ऐकत असतात. एकाने घेतलेली जागा ऐकून दुसरा पुढच्या पाळीला तिच्यापुढची जागा शोधतो. ही चढाओढ आहे, कडवी चढाओढ आहे, पण तिचा निकाल कागदावर लागत नाही. आवडलं की श्रोता उठून नोट देतो, देणाऱ्याचं नाव माइकवरून सांगितलं जातं आणि गाणं पुढे जातं. सिंधुदुर्गातून मुंबईत आलेली डबलबारी याहून वेगळी. तिथे दोन बुवा समोरासमोर असतात, पुराणातले प्रश्न घालून एकमेकांना अडवतात, आणि रंग त्या अडवण्यात असतो. चक्रीत कुणी कुणाला अडवत नाही. तिथे वाट बघायची असते. मला हा प्रकार जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यात ऐकणं हा गाण्याचाच भाग आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुबळा नाही. गुण नाहीत, निकाल नाही, बाहेरचं नाव नाही, म्हणून तर गावातला चांगला गळा गावातच राहतो. स्पर्धेने माणसाला ओळख मिळते, पैसा मिळतो. 1974 साली ब्रायटनला युरोव्हिजन जिंकली नसती तर स्वीडनच्या आब्बा गटाचं नाव जगभर गेलं असतं का? आपल्याकडेही महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या भजन स्पर्धांनी गिरणी-कारखान्यांतल्या कितीतरी मंडळांना उभं राहायला कारण दिलं. हे सगळं मला मान्य आहे. भजन हे चार लोकांपुढे बसून म्हणायचं गाणं आहे, त्याला मंच मानवतो, स्वर-ताल-उच्चारांना गुण देता येतात, वेळेचं बंधनही सोसतं. माझा विरोध स्पर्धेला नाही. सगळ्याच गाण्यांना एका मापाने स्पर्धेत उतरवण्याला आहे, आणि त्याचा पुरावा युरोव्हिजनच्याच इतिहासात आहे. त्या स्पर्धेत 1966 ते 1972 आणि पुन्हा 1977 ते 1998 असा नियम होता, की प्रत्येक देशाने आपल्या भाषेतच गायचं. 1999पासून तो उठला. कुणी सक्ती केली नव्हती, तरी थोड्याच वर्षांत बहुतेक देश इंग्रजीत गाऊ लागले, कारण मतं देणाऱ्या सगळ्यांना समजेल अशी तीच भाषा होती. 2007ला सर्बियाचं सर्बियन, 2017ला पोर्तुगालचं पोर्तुगीज, 2022ला युक्रेनचं युक्रेनी गाणं जिंकलं तेव्हा त्याची बातमी झाली, इतकं स्वभाषेत जिंकणं दुर्मीळ झालं होतं. आता कल्पना करा, कातकऱ्यांचं किंवा ठाकरांचं गाणं तालुक्याच्या स्पर्धेत आलं आहे आणि समोर प्रमाण मराठी बोलणारे परीक्षक आहेत. पहिल्या वर्षी ते आपल्या बोलीत गातील. गुण कमी पडले की दुसऱ्या वर्षी शब्द बदलतील, तिसऱ्या वर्षी चाल सिनेमाच्या जवळ जाईल. यात कुणाचा दुष्टपणा नसेल. ज्याच्या हातात गुण, त्याच्या कानाकडे गाणं सरकतं.

धवळ्यांच्या बाबतीत तर हे आणखी स्पष्ट दिसतं. लग्नात धवलारीण धवळे गाते, ही रीत या भागात आगरी, कोळी, कुणबी, वारली अशा अनेक समाजांत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. मराठीत हा प्रकार किती जुना आहे ते महदंबेच्या धवळ्यांवरून कळतं. ती रचना तेराव्या शतकातली. वारल्यांच्या लग्नात घराच्या भिंतीवर देवचौक लिहिला जातो आणि तिथला विधी धवलेरी बाईच्या गाण्याने चालतो. हळद लागते तेव्हाचं गाणं वेगळं, नवरी निघते तेव्हाचं वेगळं. हे गाणं तीन मिनिटांत बसवून दिव्यांच्या झोतात म्हणायला लावलं तर चाल ऐकू येईल, शब्दही येतील, पण ज्या कामासाठी ते गाणं आहे ते काम तिथे नसेल. लग्नाची विधीकर्ती म्हणून ज्या बाईला मान आहे तिला आपण कलाकार करून टाकतो, आणि कलाकार म्हणून तिची तुलना विशीतल्या तयार गळ्याशी करतो. हा अन्याय आहे. म्हणून धवळे ऐकायचे असतील तर लग्नाचं बोलावणं असलं पाहिजे. बोलावणं नसेल तर ते ऐकायचे नाहीत. पाहुण्यांसाठीच्या पुस्तिकेत ही ओळ ठळक छापली पाहिजे, कारण काही दारं आपल्यासाठी उघडी नसतात आणि त्यात गैर काही नाही.

दुसरा आक्षेप सोयींचा. या आडगावांत पाहुणे येणार कसे, राहणार कुठे, एवढी गर्दी पेलणार कोण? याला दोन उत्तरं आहेत, एक लांबचं आणि एक जवळचं. लांबचं असं की 1993 साली युरोव्हिजन आयर्लंडमधल्या मिलस्ट्रीट नावाच्या गावी झाली. वस्ती जेमतेम दीड हजार. सभागृह म्हणजे घोडेस्वारीच्या स्पर्धांसाठी बांधलेली वास्तू, आणि ती स्पर्धेसाठी द्यायची तयारी तिच्या मालकानेच आपणहून दाखवली होती. राहायला आसपासच्या गावांत जावं लागलं, तरी पंचवीस देश येऊन गाऊन गेले. जवळचं उत्तर मुरबाड तालुक्यातच आहे. मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसा आहे. पौष पौर्णिमेला, म्हणजे बहुधा जानेवारीत, तिथे खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. बैलांचा आणि इतर जनावरांचा बाजार, घोंगड्यांची दुकानं, नवस फेडणारी माणसं, तमाशाचे तंबू असं ते भलं मोठं गाव काही दिवसांसाठी उभं राहतं. ठाणे, रायगड, पुणे, नगरकडून लोक येतात. तिथे कुणी पाहुण्यांच्या सोयीचा आराखडा छापत नाही, पण आसपासच्या गावांतली घरं नातेवाइकांनी भरलेली असतात, चुली पेटलेल्या असतात आणि रात्र जागती असते. गर्दीला घर देण्याची सवय या भागाला पिढ्यान्‌पिढ्या आहे. उणीव आहे ती बाहेरच्या, नात्यात नसलेल्या माणसाला या व्यवस्थेत शिरायला वाट दाखवण्याची. ती लहान उणीव आहे.

खरी अडचण सोयींची नाही, पाण्याची आहे, आणि तिच्याबद्दल बोलल्याशिवाय या तालुक्यांबद्दल काही लिहिणं मला अप्रामाणिक वाटतं. शहापूर तालुक्यातलं तानसा धरण 1892 सालचं. भातसा त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी आलं. मुंबईच्या नळाला येणारं बहुतांश पाणी या आणि शेजारच्या वैतरणेवरच्या धरणांतून जातं. त्याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांना मार्चनंतर टँकरची वाट बघावी लागते. जत्रा, पालख्या, सप्ताह आणि लग्नं यांचे महिनेही तेच. म्हणजे गाण्याचा हंगाम आणि तहानेचा हंगाम एकत्र येतात. मुंबईहून गाणं ऐकायला येणाऱ्याने निदान आपलं प्यायचं पाणी बरोबर आणावं, आंघोळीची अपेक्षा ठेवू नये, आणि ज्या घरी उतरला तिथे हंडा कुठून आला हे विचारावं. या गोष्टी पर्यटन खात्याच्या पत्रकात कधी दिसत नाहीत. यजमानाच्या बाजूने विचार केला तर त्या पहिल्या पानावर असायला हव्यात.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो: बाहेरची माणसं आली की गाणं बिघडतं. मोबाइल उंचावून उभे राहणारे, मध्येच निघून जाणारे, ‘ते मघाचं पुन्हा म्हणा’ असं सांगणारे. ही भीती खरी आहे. पण ती खरी आहे म्हणून दार लावून घ्यायचं, की दाराशी नियम सांगायचे? 2025ची युरोव्हिजन स्वित्झर्लंडमधल्या बाझलला झाली. त्याआधी नोव्हेंबर 2024मध्ये तिथल्या मतदारांना थेट विचारण्यात आलं, की यासाठी साडेतीन कोटींहून अधिक फ्रँक सार्वजनिक पैसा खर्च करायचा का. सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी होकार दिला, मग तयारी पुढे गेली. इतक्या श्रीमंत शहरालाही आधी घरच्यांना विचारावं लागलं. आपल्या गावात जत्रेआधी बैठक बसते, वर्गणी ठरते, कुठले बुवा बोलवायचे ते ठरतं, तेव्हा हेच होत असतं. त्याच बैठकीत बाहेरून आलेल्यांनी कुठे बसायचं, चित्रण करायचं की नाही, हेही ठरवता येईल. यजमानाने आपल्या अटींवर जगाला यायला लावल्याचं उदाहरणही तालुक्यातच आहे. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या त्या आज्यांचं चित्रण करायला दूरदूरचे कॅमेरे आले. शाळा भरायची दुपारी, घरची आणि शेताची कामं उरकल्यावर. कॅमेऱ्यांना त्या वेळेला यावं लागलं.

म्हणून उद्या कुणी या भागात मोठा, दूरदूरच्या प्रांतांतून आणि देशांतून गायक बोलावणारा मेळा भरवायचं ठरवलं, तर माझं सांगणं असं की त्याने चक्रीचा नियम घ्यावा. पाळी लावावी, गुण लावू नयेत. ज्याने गायचं त्याने इतरांची पाळी संपेपर्यंत बसून ऐकावं. प्रत्येकाने आपल्या बोलीत गावं. ज्या समाजाला आपलं गाणं मंचावर आणायचं नसेल त्याला आग्रह करू नये. आणि ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागला, तर तो बंद करून गाणं चालू ठेवावं. पखवाज, टाळ आणि वीस माणसांचा गळा मांडवाच्या शेवटच्या माणसापर्यंत सहज पोचतो, तिथे मोठ्या ध्वनियंत्रणेची गरज नसते. असा मेळा भरेपर्यंत थांबायचंही कारण नाही. येत्या पौष पौर्णिमेला कल्याणहून मुरबाडची गाडी पकडा, पुढे म्हशाला उतरा, आणि आसपासच्या गावांत रात्री भजन कुठे आहे ते एसटी स्टँडवरच्या चहावाल्याला विचारा. पाणी बरोबर घ्या, फोन खिशात ठेवा, बुवांना आवडीने बक्षीस द्या, आणि पहिली गाडी सकाळी आहे हे आधीच मनाशी धरून भैरवी होईपर्यंत बसा.